बर्डीवरून घेतलेली मेंढपाळांची टॅपेस्ट्री: 5 पैकी साडेतीन

हॉलमधली सोफ्यामागची भिंत रिकामी होती म्हणून नागपूरच्या बर्डीवरच्या एका फर्निशिंगच्या दुकानातून ही टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र, घेतली, साधारण साडेचार फूट बाय तीन, घासाघीस करून 3200 ला पडली. चित्र जुन्या फ्रेंच धाटणीचं, झाडाखाली मेंढपाळीण, बाजूला बासरीवाला पोरगा, मागे पडके खांब, आणि मेंढ्या इतक्या पांढऱ्या की जणू आत्ताच शाम्पू करून आणल्या. सासूबाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, ही बाई मेंढ्या चारायला चालली का लग्नाला? रेशमी घागरा, केसात फुलं अन् पायात चप्पल नाही! बरोबरच आहे त्यांचं. फ्रान्स्वा बूशे नावाच्या चित्रकाराने फ्रान्समधल्या बोव्हेच्या टॅपेस्ट्री कारखान्यासाठी असली डिझाइनं काढली, पहिली मालिका 1736 मध्ये विणायला घेतली, आणि गिऱ्हाईक म्हणजे राजेरजवाडे, त्यांना खेडं हवं होतं पण शेण नको होतं.

मला खरं तर त्याच दुकानातला दुसरा पीस जास्त आवडला होता, द्राक्षतोडणीचा. त्याची मूळ टॅपेस्ट्री पॅरिसच्या क्लूनी म्युझियममध्ये आहे, बूशेच्या दोनेकशे वर्षं आधीची, त्यात माणसं खरंच कामाला लागलेली दिसतात, कोणी घड तोडतंय, कोणी पायाने द्राक्षं तुडवतंय. पण दुकानातला तो पीस नुसता पॉलिस्टरवर छापलेला निघाला, मग राहू दिला.

हे ओळखायचं सोप्पं आहे, उलटून बघा. छापलेल्याची मागची बाजू पांढरीफटक असते, विणलेल्याच्या मागे तेच चित्र उलट्या रंगात दिसतं, पुढे मेंढी पांढरी तर मागे काळपट. माझा विणलेला आहे, कॉटन जास्त, वजनही बऱ्यापैकी. दुकानदार मात्र हॅन्डमेड हॅन्डमेड करत होता ते काही पटलं नाही बाप्पा. हे जॅकार्ड मागावरचं मशीनकाम आहे, पंचकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवर, चालणारा तो माग फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास आला. हाताच्या टॅपेस्ट्रीत प्रत्येक रंगाचा आडवा धागा फक्त आपापल्या जागेपुरता मागेपुढे फिरवतात, आपल्या पैठणीच्या पदरावरचे मोर विणतात तसंच तंत्र, आणि मोठ्या एका पीसला कितीतरी विणकरांचे महिनेच्या महिने जातात, ते 3200 मध्ये कुठून बसणार?

झाडं निळसर आहेत, त्याला डिफेक्ट समजून परत नेऊ नका. जुन्या काळी हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून करायचे, पिवळा उन्हाने उडाला आणि निळा तेवढा उरला, म्हणून म्युझियममधली झाडंही निळीच दिसतात, कॉपी करणाऱ्यांनी तोच रंग उचललाय. पण आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीसमोर लावाल तर हाही टिकणार नाही. कूलरच्या झोतातही नको, कॉटन ओल धरतं न् वास मारतं. थंड दगडी भिंतींसाठी असलेली वस्तू आपण 45 डिग्रीत लावतोय, तेव्हा भिंतीपासून थोडी सुटी लावा.

मार्क कापले ते हॅन्डमेडच्या थापेसाठी आणि एका कोपऱ्यात शिवण उसवली होती त्यासाठी, ती घरीच टाकली. रॉड वेगळा घ्यावा लागतो, 250 ला मिळाला, टोकाच्या गोंड्यांचे वरून आणखी पैसे मागत होते, ते मी काही दिले नाहीत.