सी. जे. स्ट्राउडचा पहिला हंगाम: कोल्हापुरातून पाहिलेल्या एका वर्षाचे परीक्षण

अमेरिकन फुटबॉलचे सामने दाखवणाऱ्या एका परदेशी सेवेची वर्षभराची वर्गणी मी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये भरली, ती एकाच खेळाडूसाठी. ह्यूस्टन टेक्सन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, सी. जे. स्ट्राउड त्या महिन्यात पहिल्यांदा व्यावसायिक लीगमध्ये उतरणार होता. ओहायो स्टेट विद्यापीठाकडून खेळताना त्याच्या फेकीत दिसलेली अचूकता मोठ्या माणसांच्या खेळात टिकते का, हे मला पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत पाहायचे होते. त्यामुळे या परीक्षणात त्या हंगामाचे मूल्यमापन आहे आणि तो हंगाम इथे बसून पाहण्यासाठी मोजलेल्या पैशांचा हिशेबही आहे. निकाल आधीच सांगतो: हंगामाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि सेवेला तीन.

हे गुण कोणत्या नजरेने दिले तेही सांगायला हवे. मी सकाळी गांधी मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांना फुटबॉल शिकवतो आणि स्थानिक हंगाम सुरू झाला की संध्याकाळी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर असतो. आपल्याकडे पेठेतला नवा पोरगा पहिल्या संघात आला की महिन्याभरात त्याच्याविषयीचे मत पक्के होते आणि ते बहुधा गोलांवरून होते. पाटाकडील असो, दिलबहार असो की प्रॅक्टिस क्लब, ज्याने गोल केला तो लक्षात राहतो. ज्याने तीस वेळा चेंडू योग्य माणसाकडे दिला आणि एकदाही समोरच्याच्या पायात घातला नाही, त्याचे नाव घरी जाताना फारसे कोणी घेत नाही. क्वार्टरबॅकचे काम समजून घेताना मला हा दुसरा खेळाडू सतत आठवत राहिला.

या खेळात दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. जवळपास प्रत्येक प्रयत्न चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येऊन सुरू होतो, आणि फेकायचे ठरलेले असेल तर पुढच्या अडीच-तीन सेकंदांत, अंगावर धावून येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोंच्या माणसांमुळे विचलित न होता, चार-पाच सहकाऱ्यांपैकी कोणाकडे फेकायचे हे त्याला ठरवावे लागते. निर्णय चुकला तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो, त्याला इंटरसेप्शन म्हणतात. निर्णयाला उशीर झाला तर चेंडूसकट तो स्वतः जमिनीवर आदळतो, त्याला सॅक म्हणतात.

स्ट्राउड ज्या संघात गेला त्याची अवस्था बिकट होती. २०२२ मध्ये टेक्सन्सनी १७ सामन्यांपैकी केवळ ३ जिंकले होते, १३ गमावले होते आणि एक बरोबरीत सुटला होता. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्या प्रक्रियेत) पहिली निवड कॅरोलायना पँथर्सकडे होती आणि त्यांनी अलाबामा विद्यापीठाच्या ब्राइस यंगला घेतले. दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने स्ट्राउडची निवड केली. डेमेको रायन्स यांचेही मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलेच वर्ष होते. तालीम खचलेली, वस्ताद नवे आणि पठ्ठ्याही नवा, असा तो मामला होता.

साखळीचा हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १५ सामन्यांत ४९९ फेकी, ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोहोचवून मिळणारे सहा गुण) आणि ५ इंटरसेप्शन होती. यातल्या यार्डांच्या आकड्याने मी फारसा भारावून जात नाही. पहिल्या वर्षात अँड्र्यू लकने २०१२ मध्ये ४,३७४ आणि जस्टिन हर्बर्टने २०२० मध्ये ४,३३६ यार्ड मिळवले होते, आणि हर्बर्टची ३१ टचडाउन तर स्ट्राउडच्या बरीच पुढे आहेत. माझे लक्ष शेवटच्या आकड्यावर आहे. ४९९ वेळा चेंडू हातातून सुटला आणि पाचदाच तो परक्याच्या हातात गेला, म्हणजे शंभर फेकींमागे एक. बावीस वर्षांच्या मुलाने, पहिल्याच वर्षी, इतके कमी नुकसान करणे ही या हंगामाची खरी कमाई आहे.

यावर रास्त शंका अशी घेता येईल की जोखीम टाळूनही हा आकडा कमी ठेवता येतो. जवळच्या माणसाकडे दोन-चार यार्डांचे पास देत राहिले तर चेंडू फारसा हरवत नाही, पण संघही पुढे सरकत नाही. आमच्याकडे बॅकपास देऊन सामना काढणारा मिडफिल्डर असतो, तसेच ते. स्ट्राउडच्या बाबतीत ही शंका टिकत नाही, कारण त्याच्या प्रत्येक फेकीमागे सरासरी ८.२ यार्ड मिळाले. त्याच वर्षी यंगची सरासरी साधारण साडेपाच यार्ड होती, त्याची इंटरसेप्शन १० होती आणि त्याच्या संघाने १७ पैकी २ सामने जिंकले. या तुलनेवरून यंगला नालायक ठरवणे मात्र मला मान्य नाही. ज्याला एका हंगामात ६२ वेळा जमिनीवर पाडले गेले, त्याच्याकडून शांत डोक्याची अपेक्षा करणे फार झाले. शिवाय २९ ऑक्टोबरला हे दोघे समोरासमोर आले तेव्हा यंगच्या संघानेच १५–१३ असा विजय मिळवला होता.

आकडे आणि निकाल यांचा संबंध किती सैल असतो, हे याच हंगामात दोनदा दिसले आणि मुलांना शिकवणारा म्हणून मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पहिल्या पाच सामन्यांत स्ट्राउडने एकही इंटरसेप्शन दिले नाही, तरी त्यांपैकी तीन सामने संघ हरला. पुढे १९ नोव्हेंबरला ॲरिझोनाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात तीन इंटरसेप्शन दिली आणि तो सामना संघाने २१–१६ असा जिंकला. म्हणजे वर्षभरातल्या पाचपैकी तीन चुका एका दुपारी झाल्या आणि उरलेल्या चौदा सामन्यांत मिळून फक्त दोन. ॲरिझोनाचा तो सामना मी तीनदा पाहिला. तिसऱ्या चुकीनंतरही त्याचा हात आखडला नाही. तो पुढच्या संधीला पुन्हा त्याच धिटाईने लांबची फेक शोधत होता. पहिल्या चुकीनंतर चेंडू मागणेच बंद करणारी मुले मी दर आठवड्याला पाहतो, त्यामुळे ही गोष्ट मला कोणत्याही विक्रमापेक्षा मोठी वाटते.

विक्रमाचा सामना ५ नोव्हेंबरचा, टॅम्पा बे बकनिअर्सविरुद्धचा. आपल्याकडे रविवारी रात्री साडेअकराला सुरू झालेला हा सामना संपला तेव्हा पहाटेचे पावणेतीन होत आले होते. मध्येच टेक्सन्सचा किकर, म्हणजे चेंडू लाथेने मारणारा खेळाडू, काइमी फेअरबेर्न जायबंदी झाला आणि नंतर डेअर ओगुनबोवाले या धावणाऱ्या खेळाडूला फिल्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) मारावा लागला, आणि तो त्याने मारलाही. सामन्याची ४६ सेकंदे उरली असताना टॅम्पाने ३७–३३ अशी आघाडी घेतली. किकर नसल्याने आणि तसेही चार गुणांनी मागे असल्याने टचडाउनवाचून इलाज नव्हता, आणि समोर ७५ यार्डांचे मैदान होते. स्ट्राउडने ते अंतर ४० सेकंदांत कापले आणि सहा सेकंद शिल्लक असताना टँक डेलकडे पंधरा यार्डांची फेक करून सामना ३९–३७ असा फिरवला. त्या दिवसाची त्याची ४७० यार्ड हा नवोदित क्वार्टरबॅकचा एका सामन्यातला विक्रम ठरला. सोबत पाच टचडाउन होती आणि इंटरसेप्शन शून्य. शेवटच्या त्या ४० सेकंदांत मला दिसलेली गोष्ट म्हणजे घाईचा अभाव. पाय तेच, खांदा तोच, चेंडू सोडण्याची लय तीच, जणू पहिल्या डावातली साधी चाल चालली आहे. खासबागेत शेवटच्या मिनिटाला जो मल्ल दम न घालवता पकड घट्ट ठेवतो, त्याच्याविषयी जुनी माणसे ज्या आदराने बोलतात, तो आदर मला त्या पहाटे वाटला.

अर्धा गुण मी कापला, तो बाल्टिमोरसाठी. स्ट्राउडचा हंगाम १० सप्टेंबरला बाल्टिमोर रेव्हन्सच्या मैदानावर सुरू झाला आणि २० जानेवारी २०२४ ला त्याच मैदानावर संपला. पहिला सामना २५–९ असा गेला आणि शेवटचा ३४–१०. पहिल्या सामन्यातले नऊ गुण तीन फिल्ड गोलांचे होते. शेवटच्या सामन्यातले एकमेव टचडाउन स्टीव्हन सिम्सने पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर टोलवलेला चेंडू, परतवून केले होते. म्हणजे लीगच्या सर्वांत कसलेल्या बचावफळ्यांपैकी एकीसमोर स्ट्राउडच्या हल्ल्याला दोन्ही वेळा एकही टचडाउन करता आले नाही. मधल्या साडेचार महिन्यांत तो इतका वाढला असूनही ते कुलूप त्याला उघडले नाही. १० डिसेंबरला जेट्सविरुद्ध संघ ३०–६ असा हरला. त्या सामन्यात त्याचे शंभर यार्डही झाले नाहीत, शिवाय डोक्याला मार बसल्याने पुढचे दोन सामने त्याला बाहेर बसावे लागले. वर्षभरात त्याला ३८ सॅक सोसावे लागले. त्यांतले काही पुढच्या फळीचे अपयश होते हे खरे, पण काही ठिकाणी त्याने चेंडू वेळेत बाहेर फेकून द्यायला हवा होता, असे मला सामने पुन्हा पाहताना वाटले.

श्रेयाची वाटणीही प्रामाणिकपणे करायला हवी. हल्ल्याची आखणी करणारे बॉबी स्लोविक यांच्या चालींमुळे त्याला मोकळी माणसे सापडत होती, निको कॉलिन्सने १,२९७ यार्ड मिळवून त्याच्या लांब फेकींचे सोने केले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पाय मोडून बाहेर जाईपर्यंत डेलची साथ मोलाची होती. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, स्ट्राउडला ५२ सॅक सोसावे लागले आणि त्याचे आकडे ३,७२७ यार्ड, २० टचडाउन, १२ इंटरसेप्शन असे उतरले. यावरून पहिला हंगाम नशिबाचा होता असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पहिल्या हंगामातले निर्णय त्याचे स्वतःचे होते आणि ते चित्रीकरणात कायमचे दिसतात. मात्र पहिल्या हंगामावरून दुसऱ्याचे भाकीत करताना त्याच्या रक्षणासाठी त्याच्यासमोर उभ्या असणाऱ्या पुढच्या फळीतल्या पाच जणांना मोजायला लोक विसरतात, हे नक्की.

आता सेवेविषयी. पूर्ण सामना नंतर पाहण्याची सोय चांगली आहे, आणि मधले थांबे काढून टाकलेली आवृत्ती तर आपल्यासारख्यांसाठी वरदान आहे, कारण तीन तासांहून लांबणाऱ्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ जेमतेम पाव तासाच्या आतबाहेर असतो. चित्र स्वच्छ असते. मात्र थेट प्रक्षेपण माझ्याकडे अनेक रात्री अडकत होते आणि त्याबद्दल केलेल्या दोन तक्रारींना छापील उत्तराखेरीज काही मिळाले नाही. त्याहून वाईट म्हणजे ॲप उघडताच पहिल्या पानावर निकाल दिसतो. रात्री झोपून सकाळी सामना पाहणाऱ्या माणसाचा सगळा रस तिथेच संपतो. सर्वांत मोठी उणीव मूल्यमापनाच्या दृष्टीने आहे. नेहमीचा कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, त्यामुळे क्वार्टरबॅकने कोणाकडे फेकले ते दिसते, पण कोणाला टाळले ते दिसत नाही. बावीसही खेळाडू एकाच चौकटीत दाखवणारे उंचावरचे चित्रण मला माझ्या वर्गणीत मिळाले नाही, आणि इंटरसेप्शन का झाले नाही हे समजण्यासाठी तेच लागते. नुसता थरार हवा असेल तर ही अडचण जाणवणार नाही. शिकण्यासाठी पाहणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी हे तपासून घ्यावे.

वेळेचे गणितही ध्यानात असू द्यावे. ह्यूस्टनचे बहुतेक सामने आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला आणि नोव्हेंबरपासून साडेअकराला सुरू होत. इंडियानापोलिसविरुद्धचा साखळीतला अखेरचा सामना मात्र ७ जानेवारीला, रविवारी सकाळी पावणेसातला होता. पहिल्याच चालीत स्ट्राउडने कॉलिन्सला ७५ यार्डांचे टचडाउन दिले, सामना २३–१९ असा जिंकला आणि आदल्या वर्षी तीन सामने जिंकलेला संघ दहा विजयांसह बाद फेरीत गेला. तिथे १३ जानेवारीला क्लीव्हलँडवर ४५–१४ असा विजय मिळाला आणि बाद फेरीतला सामना जिंकणारा तो सर्वांत तरुण क्वार्टरबॅक ठरला. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला, ज्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते.

ज्यांना हा हंगाम आता पाहायचा आहे त्यांनी तो तारखेप्रमाणे सगळा पाहण्याची गरज नाही. आधी बाल्टिमोरचा पहिला सामना पाहावा, मग टॅम्पा, मग ॲरिझोना, नंतर इंडियानापोलिस आणि शेवटी पुन्हा बाल्टिमोर. ॲरिझोनाच्या सामन्यातल्या तिसऱ्या इंटरसेप्शननंतरच्या चाली मी माझ्या मुलांना मैदानाच्या कडेला बसवून मोबाइलवर दाखवल्या, खेळाचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांच्यातल्या एकाने लगेच विचारले, "सर, हा घाबरला कसा नाही?"