पंप की कॅप्सूल? दम्याच्या औषधाचा महिन्याचा हिशेब

दम्याचं रोजचं औषध दोन रूपांत मिळतं: तोंडात फवारा मारायचा पंप (इनहेलर), किंवा छोट्या यंत्रात घालून आतली पावडर श्वासाने ओढायची कॅप्सूल; ती गिळायची नसते. मेडिकलवाला काउंटरवर दोन्ही मांडतो तेव्हा कॅप्सूलची डबी स्वस्त दिसते आणि पंप महाग. पहिली गफलत इथेच होते. डबीत बहुधा 30 कॅप्सूल. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली की पंधरा दिवसांत खडखडाट. रोजच्या औषधाचा पंप साधारण 120 फवाऱ्यांचा. दोन वेळा दोन-दोन घेतले तर बरोबर महिना. म्हणजे एका पंपासमोर दोन डब्या ठेवायच्या आणि मग किमती बघायच्या. फरक बराच आक्रसतो, कधी पारडं उलटंही झुकतं.

मी दोन्ही वापरलंय. पंपाबद्दल तक्रार एकच, पण तीच नडली. किती फवारे उरले ते दाखवणारा आकडा माझ्या पंपावर नव्हता. औषध संपलं तरी नळकांड्यात गॅस उरतो आणि दाबलं की तसाच ‘फुस्स’ आवाज येतो. हलवलं तर आत खळखळतं. कुणीतरी सांगितलं म्हणून पाण्यात टाकून तरंगतो का तेही पाहिलं. ती परीक्षा भरवशाची नाही हे नंतर कळलं. पहाटेचा खोकला परत आला. डॉक्टरांनी पॉवर वाढवून दिली, म्हणजे आणखी महाग औषध. घरी कॅलेंडरवर उलटं मोजत गेलो तेव्हा उमगलं, बारा-तेरा दिवस मी नुसता गॅस ओढत होतो.

कॅप्सूलमध्ये ही फसगत नाही. ओढलं, जिभेवर गोडसर चव आली, मग रिकामं कवच उजेडात धरायचं. पांढरं उरलं असेल तर पुन्हा ओढायचं. डबीत किती राहिल्या ते डोळ्यांना दिसतं. शिवाय महिनाअखेरीला हात आखडता असला तर पंधरा दिवसांपुरती एकच डबी आणून भागतं, ही सोय पगारदारालाच कळेल.

अर्थात चिपळूणचा जुलै आहेच. झाकण उघडं राहिलं की पावडरीचे गोळे होतात. लहान मुलांना किंवा जोरात श्वास ओढता न येणाऱ्या वयस्करांना पंप आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसरच बरा. आणि धाप लागल्यावरचा सॅल्ब्युटामॉलचा पंप माझ्याही खिशात असतोच.

जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतं, पण चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि पॉवर डॉक्टरांकडून लिहून घ्या: फॉर्मोटेरॉल 6, ब्युडेसोनाइड 200, असं. माल आहे का ते डबी संपायच्या आठवडाभर आधी विचारा. कंपनी बदलली की कॅप्सूल जुन्या यंत्रात नीट बसेलच असं नाही, तेव्हा नव्या यंत्राचे पैसेही धरा.

आकडा दाखवणारा पंप तुमच्या औषधात मिळत असेल तर माझी निम्मी तक्रार तिथेच संपली. थोडे जास्त पडले तरी तोच घ्या. नसेल मिळत, तर मी तरी डबीच मागेन.