एमएक्स-5 घेताय? कापडी टप की घडीचा कडक टप

इंग्लंडात सेकंडहँड माझदा एमएक्स-5, म्हणजे टप उघडणारी दोन सीटांची छोटी स्पोर्ट्स कार, शोधणारा माणूस आधी इंजिनावरच खल करत बसतो. 1.8 की 2.0, पाच गिअर की सहा. हे वाद जुने आहेत आणि दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर आहे, म्हणून ते इथे सोडून देतो. 2005 ते 2015 मधली तिसरी पिढी, जिला सगळे एनसी म्हणतात, ती आपल्या बजेटमध्ये बसते असं धरून चालू. तीच गाडी दोन टपांत मिळते आणि माझ्या मते खरी निवड तिथे आहे.

आधी कडक टपाबद्दल, कारण बघताक्षणी मन त्याच्यावरच जातं. हा टप 2006 मध्ये आला. जाहिरातींत 'रोडस्टर कूपे' लिहिलेलं दिसलं तर ती हीच. बटण दाबून धरलं की टपाचे तुकडे एकावर एक बसत सीटच्या मागे जातात. सगळं मिळून 12 सेकंद. यातली खरी करामत मात्र डिकीत आहे. घडीच्या कडक टपाच्या गाड्यांची डिकी टप उघडला की बहुधा निम्मी गिळली जाते. इथे कापडी असो वा कडक, डिकी 150 लिटरचीच राहते. म्हणजे दोन छोट्या बॅगा आणि मोदकांचा डबा. आई-बाबा हीथ्रोला उतरणार असतील तर दुसरी गाडी लागणारच, त्यात टपाचा दोष नाही.

कडक टपाने वजन सदतीसेक किलोंनी वाढतं. मला चालवताना ते कळलं नाही, कुणा जाणत्याला कळत असेल. एम4 मोटरवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगात मात्र फरक कानाला नक्की कळतो. कडक टपाखाली शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं, कापडाखाली आवाज थोडा चढवावा लागतो. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तर कापड कुणी फाडेल ही धाकधूकही कडक टपाला नाही. रोज मोटरवेने कामावर जाणाऱ्याने आणि घराला ड्राइव्हवे नसणाऱ्याने हे दोन मुद्दे हलक्यात घेऊ नयेत.

एवढं असूनही मी कापडी घेतली. कारण ऐकून कदाचित हसाल.

रेडिंगमध्ये एक कडक टपाची गाडी चालवून बघत होतो, विकणारे गृहस्थ शेजारी. उघड्या टपाने आयडीआरच्या, म्हणजे शहराच्या मध्यभागाला वळसा घालणाऱ्या रस्त्याच्या, रांगेत सिग्नलला उभे असताना इथली नेहमीची भुरभुर सुरू झाली. टप लावायचा तर गाडी पूर्ण थांबलेली हवी, न्यूट्रलमध्ये हवी, आणि काम संपेपर्यंत बोट बटणावरून उचलायचं नाही. मग वरची कडी हाताने लावायची. मी बटण दाबलं. मागचं झाकण उठलं, टप हवेत गेला आणि सिग्नल हिरवा झाला. पुढची रांग हलली, आम्ही तिथेच. गृहस्थ मागच्या गाड्यांना हात जोडल्यासारखे करत होते. त्यांच्या हालचालीत इतकी सराईत सफाई होती की हा प्रसंग त्यांना नवा नसावा. बिघडलं काहीच नव्हतं, टप ठरल्याप्रमाणेच लागला. पण इथलं आभाळ दिवसातून चार वेळा मत बदलतं, आणि दर वेळी गाडी कुठे थांबवू हा हिशोब करायचा तर टप बंदच ठेवण्याकडे कल होतो. मग उघडी गाडी घेतली कशाला?

कापडी टपाला मोटर नाही. काचेच्या वरच्या पट्टीत मधोमध एक कडी आहे. ती सोडायची, टप मागे ढकलायचा, तो घडी होऊन सीटमागे बसतो आणि खट्ट आवाज येतो. घडीत पुढचा भाग वरच राहत असल्याने वेगळं आवरण लागत नाही. लावताना बसल्या जागी हात मागे न्यायचा, टप पुढे ओढायचा, कडी लावायची. खांदा दुखरा असेल तर हा ओढण्याचा भाग आधी करून बघा, सगळ्यांना जमतोच असं नाही. गाडी यालाही थांबलेलीच हवी, पण लाल दिव्यात हे आटोपून गिअर टाकायला वेळ उरतो. परिणाम असा की माझा टप वर्षभर उघडतो, फेब्रुवारीतसुद्धा, हीटर पायांवर लावून. बायकोचं मत वेगळं आहे, विशेषतः जवळच्या स्लाउ गावातल्या कार्यक्रमाला केस करून निघालेली असते तेव्हा.

(पुढच्या पिढीतल्या आरएफचा, म्हणजे कडक टपाच्या एमएक्स-5 चा, टप ताशी 10 किलोमीटरपर्यंत गाडी चालू असतानाही हलतो. ऐपत असेल तर माझी ही तक्रार तिथे बरीचशी निकालात निघते.)

आता वयाचा मुद्दा. या गाड्या जुन्या झाल्यात. कापड घडीच्या कोपऱ्यांवर, सांगाडा घासतो तिथे विरतं. ते डोळ्यांना दिसतं आणि नवं बसवून देणारे कारागीर गावोगावी आहेत. कडक टपात मोटर, सेन्सर, वायरिंग आलं. बहुतेकांचे ठणठणीत चालतात असंच ऐकतो, पण बिघाड झाला तर तो शोधणारा माणूस आधी शोधावा लागेल.

पाण्याच्या नळ्या मात्र दोन्हींत तपासा. टपावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. पाला साचून त्या तुंबल्या की पाणी आत शिरतं आणि सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पट्टी, गंजते. सीटमागच्या गालिच्यावर तळहात दाबून ओल बघा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर बुरशीचे डाग शोधा. गाडीचा नंबर टाकला की सरकारी वेबसाइटवर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो. त्यात गंजाचा शेरा वर्षागणिक वाढत गेलेला दिसला तर टप कोणताही असो, फोन करू नका.

एमओटी सारखी, किंमत सारखी अशा दोन गाड्या समोर असतील तर आधी कापडी चालवून बघा असं मी सुचवेन. जायला ढगाळ दिवस निवडा, आणि कडक टपाची गाडी हाती आली की तो सिग्नलच्या रांगेत एकदा तरी लावून बघा.