गादी फाटली की झिजली? कूर्चेच्या उपचारांत निवड करताना

रावेरकडे केळीचे घड वाहणारा तिशीतला गडी असो की साठीतल्या कापूस वेचणाऱ्या मावशी, दोघांनाही ऐकायला मिळतं एकच: "गुडघ्याची गादी गेली." इलाज मात्र एक नाही. ही गादी म्हणजे कूर्चा, हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण. मार बसून कूर्चेला एकाच जागी खड्डा पडला असेल, तरच ती नव्याने भरण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. सगळा सांधाच झिजून पाय वाकला असेल तर कूर्चेच्या पेशी वाढवून बसवण्यावर पैसा घालू नका. वजन कमी करणं, मांडीचे व्यायाम आणि वेळ आली तर सांधेबदल, हाच मार्ग.

खड्डा लहान, साधारण 2 चौरस सेंटिमीटरच्या आत असेल तर मायक्रोफ्रॅक्चर करतात. दुर्बिणीतून हाडाला बारीक भोकं पाडली की मज्जेतलं रक्त तिथे गोठतं आणि भर तयार होते. स्वस्त, एकाच बैठकीत होणारं. पण ती भर धागेदार असते, मूळच्या गुळगुळीत कूर्चेसारखी नाही, आणि काही वर्षांत दबते. ओझं वाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

मोझॅकप्लास्टीत गुडघ्याच्याच कमी भाराच्या भागातून हाडासकट कूर्चेचे दंडगोल काढून खड्ड्यात बसवतात. कूर्चा अस्सल मिळते, पण जिथून काढली ती जागा दुखू शकते.

खड्डा मोठा असेल तर पेशीरोपण. स्वीडनच्या डॉक्टरांनी 1994 साली याचे निष्कर्ष छापले. आधी कूर्चेचा छोटा तुकडा काढतात, त्यातल्या पेशी काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवतात, मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत बसवतात. आपल्याकडच्या टिश्यू कल्चर केळीच्या रोपांसारखंच, फक्त इथे मातृझाड तुम्हीच. खर्च सर्वांत जास्त, आणि मुंबई-पुण्याच्या फेऱ्या वेगळ्या.

पीआरपीची, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स दाट करून दिलेली सुई या रांगेत बसत नाही. 2021 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, गुडघ्याच्या संधिवातात, ती मिठाच्या पाण्याच्या सुईपेक्षा सरस ठरली नाही.

माझं मत विचाराल तर मोठ्या खड्ड्याला पेशीरोपणच, पण सहा-आठ आठवडे कुबड्यांवर राहता येणार असेल तरच. पूर्ण जोराच्या कामाला परतायला वर्षही लागतं, तेव्हा केळीची कापणी आधी उरकून घ्या. ऑपरेशन मुंबईत झालं तरी व्यायाम जळगाव-धुळ्यातच करायचा, म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी शोधा. बिडी-सिगारेट सोडा. आणि डॉक्टरांना विचारा: खड्डा किती चौरस सेंटिमीटरचा आहे, लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) शाबूत आहे का, पायाची रेघ सरळ आहे का?