सॅनिबेल बेटावर निवृत्त व्हावं का? वर्षभर भाड्याने राहून पाहिल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. आम्ही इथे घर घेणार नाही. हिवाळ्यात तीन-चार महिने भाड्याने येऊन राहू, बाकीचं वर्ष पुलाच्या अलीकडे, मुख्य किनाऱ्यावर. अलीकडचा फ्लॅट कसा हवा यावर नवऱ्याचं आणि माझं अजून जमलेलं नाही, पण सह्या दोघांच्या लागतात.

आम्ही न्यू जर्सीवाले. दोघंही पासष्टीच्या पुढे, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) सुरू झालेलं, मुलं आपापल्या गावी. बर्फ उपसायचा कंटाळा आला की अमेरिकेतले आपले लोक साधारणपणे टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना नाहीतर फ्लोरिडातल्या पंचावन्न प्लसच्या वसाहतींकडे वळतात. आम्हाला तसली वसाहत नको होती. झाडं, पक्षी, समुद्र आणि कमी माणसं हवी होती. २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळ येऊन गेलं, त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही सॅनिबेलवर वर्षभराचा करार केला. वादळानंतर आलो हे बरंच झालं. ब्रोशरमधलं बेट पाहायला मिळालं नाही, खरं मिळालं.

सॅनिबेल फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, फोर्ट मायर्ससमोर आहे. लांबी सुमारे बारा मैल, कायम राहणारी वस्ती साडेसहा हजारांच्या आत. हे बॅरियर बेट आहे, म्हणजे मुख्य किनाऱ्यासमोर लाटा-प्रवाहांनी रचलेली वाळूची पट्टी. खाली खडक नाही. वादळाचा पहिला मार ही पट्टी खाते आणि मागची खाडी वाचते. घर घ्यायचं तर त्या मारापुढे घ्यायचं, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवलेलं बरं.

शांतता मात्र अस्सल आहे. बेटावर एकही ट्रॅफिक सिग्नल नाही. माडापेक्षा उंच इमारत नाही. अर्ध्याहून जास्त जमीन राखीव आहे. हे आपोआप झालेलं नाही, लोकांनी भांडून मिळवलंय. १९६३ मध्ये पूल झाला, तोवर फेरीबोट होती. पूल झाल्यावर काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, इथे सुमारे तीस हजार घरांना वाव ठेवला, तेव्हा रहिवाशांनी १९७४ मध्ये मतदान करून स्वतःचं वेगळं शहर केलं आणि दोन वर्षांत स्वतःचा विकास आराखडा आणला. पहिले महापौर पोर्टर गॉस, जे पुढे सीआयएचे प्रमुख झाले! सोसायटीच्या मीटिंगा गाजवणारी माणसं कुठवर जातात बघा.

आता ज्यासाठी आलो ते. बेटाच्या खाडीकडच्या बाजूला डिंग डार्लिंग अभयारण्य आहे. जे. एन. डार्लिंग हे मूळचे व्यंगचित्रकार, दोन पुलित्झर मिळवलेले. शिकाऱ्यांनी तिकीट विकत घ्यायचं आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखायच्या, ही १९३४ ची डक स्टॅम्प योजना त्यांच्या काळातली, आणि पहिल्या तिकिटावरचं चित्रही त्यांचंच. अभयारण्य १९४५ चं, त्यांचं नाव १९६७ मध्ये दिलं. आतून चार मैलांचा रस्ता जातो, शुक्रवारी बंद असतो. तिथे घड्याळ बघून जाऊन उपयोग नाही, ओहोटीचं कोष्टक बघून जायचं. पाणी उतरलं की चिखलात गुलाबी स्पूनबिल उतरतात, चमच्यासारखी चोच डावी-उजवीकडे फिरवत चरतात. हिवाळ्यात पांढरे पेलिकन येतात, ते आकाराने इतके मोठे की पहिल्यांदा पाहिल्यावर मला तो वाळूचा दांडा वाटला. तिवरांच्या मुळांवर खेकडे चढताना दिसायला डोळा बसावा लागतो. आमचा बसायला हिवाळा गेला.

आणि शिंपले. फ्लोरिडाची बहुतेक बॅरियर बेटं उत्तर-दक्षिण पसरलेली, हे मात्र पूर्व-पश्चिम आडवं वळलंय, त्यामुळे मेक्सिकोच्या आखाताच्या तळाचे शिंपले-शंख सुपात धान्य यावं तसे इथे येऊन पडतात. वाकून वेचणाऱ्यांच्या पोझला इथे ‘सॅनिबेल स्टूप’ असं नावच आहे. थंडीची लाट येऊन वायव्येचा वारा पडला की दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या ओहोटीला जावं. डोक्याला दिवा बांधून लोक आलेले असतात. एकदा नवऱ्याला तपकिरी पट्ट्यांचा सुंदर शंख मिळाला. तळहातावर उलटा केला तर आत काळपट मांसल पाय आखडून बसलेला. म्हणजे जिवंत. इथे जिवंत शंख-शिंपला घरी नेणं गुन्हा आहे, सँड डॉलर नावाचे चपटे, गोल समुद्रजीव आणि तारामासेही त्यात आले. तो गुडघाभर पाण्यात गेला, शंख हलकेच खाली ठेवला आणि परत येऊन म्हणाला, “पूर्ण किनाऱ्यावर एकच चांगला मिळाला, त्यातही भाडेकरू!” ज्युनोनिया नावाचा ठिपक्यांचा शंख सापडला तर स्थानिक पेपरात फोटो येतो. आमचा आलेला नाही.

इथपर्यंत वाचून कुणी झिलो या साइटवर घरं बघायला लागलं असेल, तर थांबा. आता जिना.

वाळूच्या बेटावर नवं घर खांबांवर उचलूनच बांधावं लागतं. खाली गाडी आणि मोकळी जागा, राहायची खोली वर. आमचं भाड्याचं घर असंच. किराणा, पाण्याचे कॅन, धुण्याची टोपली, सगळं वर. नवऱ्याचा डावा गुडघा आधीच कुरकुरतो. पहिल्या महिन्यात ‘व्यायाम होतो’ म्हणून हसण्यावारी नेलं, मार्चपर्यंत तो दिवसातून एकदाच खाली उतरायला लागला. अशा घरांना सामानाची किंवा माणसांची लिफ्ट बसवतात, पण ती खाऱ्या हवेत गंजते आणि वीज गेली की बंद. सत्तराव्या वर्षी घेतलेलं घर पंच्याऐंशीव्या वर्षी कसं चढायचं, याचं उत्तर दलालाकडे नव्हतं. त्याने समुद्राची दिशा दाखवली.

मग जमिनीवरचं जुनं बैठं घर घ्यावं? इथेच खरा गुंता आहे. पूरप्रवण भागातल्या घराची दुरुस्ती किंवा सुधारणा इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली, तर पूर्ण घर आजच्या नियमांत आणावं लागतं, म्हणजे बहुधा उचलावं किंवा पाडावं लागतं. लोक याला सरळ ‘फिफ्टी परसेंट रूल’ म्हणतात. या हिशेबात जमिनीची किंमत धरत नाहीत, फक्त इमारतीची, आणि जुन्या बैठ्या घरात इमारतीची किंमत कमी असते. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ शेजारच्या कायो कोस्टा बेटावर चढलं, तेव्हा इथे माणसाच्या उंचीहून जास्त पाणी आलं. कितीतरी बैठी घरं या नियमात अडकून पाडली गेली. आमच्या गल्लीत अजून रिकामे प्लॉट आहेत, मधोमध फक्त सिमेंटचा गाडी-मार्ग राहिलेला.

विम्याचं थोडक्यात. घराचा विमा वेगळा, पुराचा वेगळा. सरकारी पूरविमा इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख देतो. इथल्या घरांच्या किमतींपुढे हा आकडा तोकडा पडतो, म्हणून वर खासगी पॉलिसी घ्यावी लागते. घर विकत घेताना कर्ज नसेल तर पॉलिसी लागू व्हायला साधारणपणे तीस दिवस लागतात, वादळ नकाशावर दिसल्यावर घेऊन चालत नाही. हरिकेनचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण आधी भरायचा वाटा, ठरावीक रकमेऐवजी बहुतेक वेळा विमा रकमेच्या टक्क्यांत असतं, दोन, पाच किंवा दहा. मोठ्या घराचे पाच टक्के काढून बघा आणि तेवढी रक्कम बँकेत तयार आहे का ते विचारा स्वतःला. एका एजंटाने आम्हाला दिलेल्या कोटेशनमध्ये पुराचा विमा धरलाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, “तो ऐच्छिक आहे.” तांत्रिकदृष्ट्या त्याचं खरंच होतं, आम्ही कर्ज न काढता रोख देणार होतो ना.

फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, कायम राहणाऱ्यांच्या घराचं करासाठीचं मूल्यांकन वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हे सगळं खरं आहे. आमच्या हिशेबात मात्र न्यू जर्सीचा वाचलेला कर विम्यात गेला.

पुलाबद्दल. यायला सहा डॉलर टोल, जायला फुकट. इस्पितळ बेटावर नाही, मोठे डॉक्टर सगळे फोर्ट मायर्सला. एरवी अर्धा-पाऊण तास. पण फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी चारला बेटावरून बाहेर पडायचं म्हणजे पेरिविंकल वे या एकमेव मुख्य रस्त्यावर एकेक गाडी सरकते, चौकात पोलीस हाताने वाहतूक सोडतो. सिग्नल नाहीत याचं कौतुक मला दुपारी चारला वाटत नाही. इयनमध्ये हा पूल आणि त्यामधली छोटी बेटं कित्येक ठिकाणी वाहून गेली, तीन आठवडे गाडी जाऊ शकत नव्हती. ज्याला डायलिसिस आहे किंवा आठवड्याला तपासणी आहे, त्याने एवढ्या एका वाक्यावर निर्णय करावा. अजून एक: न्यू जर्सीतला मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन (मेडिकेअरचाच खासगी कंपनीकडून घेतलेला प्रकार) इथे आणता येत नाही, नेटवर्क वेगळं. ओरिजिनल मेडिकेअर सगळीकडे चालतं.

उन्हाळा हे वेगळंच गाव आहे. जूननंतर पाहुणे जातात, रस्ते मोकळे, भाव उतरतात. संध्याकाळी वारा पडला की ‘नो-सी-अम’ नावाची चिलटं येतात. जाळीतून आत शिरतात, चावतात, दिसत नाहीत. डास मारायला काउंटीची हेलिकॉप्टरं फिरतात. समुद्रकासवं अंडी घालायला येतात म्हणून किनाऱ्यावरच्या घरांनी दिवे बंद किंवा झाकलेले ठेवायचे, ते मला आवडलं. रात्री आकाशगंगा दिसते, आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये कधी दिसली होती? रेड टाइड मात्र आमच्या वाट्याला फक्त दोन-चार दिवस आली. एका सूक्ष्म शैवालाचा हा प्रकोप, वाऱ्यावर विष येतं, घसा खवखवतो, मेलेल्या माशांचा खच पडतो. २०१८ मध्ये महिनोन्‌महिने चालली होती. दम्याच्या माणसाने ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

२०२५ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन चढलं नाही, त्यामुळे घर सोडून पळायची पाळी आली नाही. तरी जून ते नोव्हेंबर एक बॅग दाराशी भरलेली होती. औषधं, पासपोर्ट, घराची कागदपत्रं, मंगळसूत्र. शेजारच्या आजी ऐंशी ओलांडलेल्या, नवरा गेलेला, इयनमध्ये खालचा मजला गेलेला. त्या अजून इथेच राहतात. मी विचारलं, परत का आलात? त्या म्हणाल्या, “मुलगा सारखं ओहायोला ये म्हणतो. तिथे माझे दोन बगळे आहेत का?” त्यांचा मुलगा महिन्यातून एकदा विमानाने येतो, खिडक्यांना वादळासाठीची पॅनल लावून जातो, छताच्या पन्हळी साफ करतो. असा मुलगा असेल तर गणित बदलतं. आमची मुलं मायाळू आहेत, पण एक बंगळुरूला आहे.

आपल्या माणसांबद्दल विचाराल, तर बेटावर मराठी ऐकू आलं ते फोनवरच. मंडळाचा गणपती गाठायचा तर टँपापर्यंत अडीच-तीन तासांची ड्राइव्ह. पोहे, हिंग, कढीपत्ता फोर्ट मायर्सहून आणून साठवतो, पण डब्यातलं पीठ दमट हवेत लवकर खराब होतं, फ्रिजरमध्ये ठेवावं लागतं. वाचनालय उत्तम आहे, सायकलचे पंचवीसेक मैल वेगळे मार्ग आहेत, माणसं हसतमुख आहेत. तरी फेब्रुवारीत हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं, हा प्रश्न मला छळायचा. शेवटी शेजारच्या आजींना बोलावलं. त्यांनी वाण म्हणून मला एक शंख दिला, रिकामा, तपासून घेतलेला.

नवऱ्याचं म्हणणं असं, की पुलाच्या अलीकडे फोर्ट मायर्सला लिफ्ट असलेला छोटा फ्लॅट घ्यावा आणि हिवाळ्याचे महिने बेटावर भाड्याने. मला फ्लॅट पहिल्या मजल्याच्या वर हवा आणि कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीच्या, राखीव निधीचे ताळेबंद बघायचे आहेत, त्यावर सध्या घोडं अडलंय. कुणाला आमच्यासारखं राहून बघायचं असेल, तर फेब्रुवारीचं भाडं देऊ नका, ऑगस्टचं द्या. स्वस्त पडेल, आणि घर घ्यायचं की नाही हे लवकर कळेल.