घरच्या शेडमधलं मिलिंग मशीन, अकरा महिने वापरल्यावर

मागच्या दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं मशीन, दारात उतरलं आणि परवा खंडेनवमीला त्याची पहिली पूजा झाली. नवं असताना कुठलंही मशीन चांगलंच वाटतं, म्हणून एक पावसाळा काढल्याशिवाय त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मशीनची निवड कामावर ठरते, म्हणून आधी काम सांगतो. पन्हाळ्याच्या बाजूला आमच्या गावी गुऱ्हाळावर वडिलांनी चालवलेलं सहा हॉर्सपॉवरचं लिस्टर पद्धतीचं ऑइल इंजिन आहे. एक सिलिंडर, दोन मोठी फ्लायव्हील, ६५० आरपीएम. गुऱ्हाळ मोटरवर गेल्यापासून ते पत्र्याखाली पडून होतं. ते पुन्हा चालू करायचं आणि बाजारात न मिळणारे भाग स्वतः करायचे, एवढ्यासाठी कोल्हापुरात घरामागच्या दहा बाय चौदाच्या शेडमध्ये आधी लेथ आला, मग मिलिंग. म्हणजे माझं निम्म्याहून जास्त काम बिडाचं. ब्रॅकेट, कव्हर, हाउसिंग. बाकी थोडं माइल्ड स्टील आणि पितळ.

पहिला विचार जुन्या मशीनचा होता. एका कारखान्यातून निघालेलं एचएमटीचं एफएन टू मिलिंग मशीन बघून आलो. काय ते लोखंड! टेबलावरून हात फिरवला की उचलावासा वाटत नव्हता. पण वजन दोन टनांच्या वर, आमचा बोळ साडेचार फुटी आणि शेडची फरशी साध्या कोब्याची. ज्याच्याकडे जागा, थ्री फेज आणि हायड्रा क्रेन आत येण्याएवढी वाट आहे, त्याने चांगल्या स्थितीतलं जुनं मशीनच घ्यावं. मला ते शक्य नव्हतं.

दुसरा पर्याय गोल कॉलमचं, म्हणजे गोल खांबाचं, मिल-ड्रिल. दर कमी, टेबल बरं, आणि विक्रेते त्याचाच आग्रह धरतात. मी ते घेतलं नाही, आणि अकरा महिन्यांनीही तो निर्णय बरोबर वाटतो. गोल खांबावर हेड (कटर फिरवणारा वरचा भाग) वर-खाली करायचं तर क्लॅम्प सैल करावा लागतो, आणि क्लॅम्प सैल झाला की हेड खांबाभोवती थोडं फिरतंच. समजा, सेंटर ड्रिलने खूण केली, मग लांब ड्रिल लावायला हेड चार इंच वर घेतलं. भोकाचा मध्य गेला! पुन्हा डायल (बारीक सरक दाखवणारं काट्याचं मापक) लावा, पुन्हा मध्य शोधा. एका ब्रॅकेटमध्ये ड्रिल, बोअर (भोक मोठं करणं) आणि रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) एकाच जागी चालवायचा असेल तर हे तीनदा करावं लागतं. फक्त फेस मारणाऱ्याला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणाऱ्याला, ते चालून जाईल. माझं काम भोकांच्या अंतरावर उभं आहे.

म्हणून डव्हटेल कॉलमचं (तिरक्या कडांच्या सरळ खाचेवर हेड सरकतं असं), गिअर हेडचं, झेडएक्स ७०४५ जातीचं मशीन घेतलं. वजन तीनशे किलोंच्या आसपास, टेबल ८०० बाय २४० मिलिमीटर, सहा स्पीड. हेड गिबवर (सरकत्या भागातली ढिलाई काढणाऱ्या पट्टीवर) सरळ वर-खाली होतं आणि भोकाचा मध्य जागेवर राहतो.

स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या दांड्याचा) टेपर, म्हणजे कटर धरणारा निमुळता खळगा, निवडताना बराच घोळ झाला. विक्रेता एमटी फोर, म्हणजे मोर्स टेपर चार, देत होता, कारण मोर्स टेपरचं सामान कुठल्याही टूलच्या दुकानात मिळतं. पण मोर्स टेपर स्वतःच घट्ट धरून बसतो आणि प्रत्येक वेळी ड्रॉबारवर (वरून आवळायच्या लांब बोल्टवर) हातोडा मारून सोडवावा लागतो. शिवाय त्यात ईआर कॉलेटचा (कटर पकडणाऱ्या चिरलेल्या नळीचा) होल्डर लावला की टेबल आणि कटर यांच्यामधली उंची तेवढी कमी होते. मी आर एट मागितला. हा टेपर मूळ अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट मशीनचा. कटर थेट कॉलेटमध्ये बसतो, स्पिंडलच्या तोंडाजवळ राहतो आणि ड्रॉबार सैल करून हलका ठोका दिला की सुटतो. याची किंमत अशी, की पहिले कॉलेट हातात यायला तीन आठवडे लागले आणि तोवर मशीन नुसतं उभं होतं. तरीही पुन्हा आर एटच घेईन.

मशीन बोळातून आत आणायला ते सुटं केलं. हेड, कॉलम, टेबल वेगळं काढलं आणि बेस पाइपांवर लोटत नेला. शेडच्या आढ्याला आधी लोखंडी बीम टाकून घेतला होता, त्याला चेन ब्लॉक लावून जोडणी केली. हे सुटं करणं फार उपयोगी पडलं. सॅडलच्या (टेबलाखालच्या सरकत्या भागाच्या) आत ग्राइंडिंगची धूळ, कास्टिंगची वाळू आणि रंगाचे पापुद्रे सापडले. सगळं रॉकेलने धुतलं, डव्हटेलच्या कडांचे बर (धारदार कंगोरे) तेलदगडाने काढले, ६८ नंबरचं स्लाइडवे तेल लावून गिब पुन्हा बसवले. आधी हँडल एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलकं लागायचं, ते सगळीकडे सारखं झालं. नवं मशीन सरळ बोल्ट करून चालू करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एक रविवार यात घाला.

विजेचा भाग मात्र त्रासाचा गेला. घरात सिंगल फेज, मोटर दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज. विक्रेत्याने फोनवर सांगितलं, "व्हीएफडी लावा, झालं." व्हीएफडी म्हणजे सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह. पण २३० व्होल्ट घेणारा व्हीएफडी बाहेरही २३० व्होल्टच देतो, त्यामुळे ४१५ व्होल्टसाठी स्टार पद्धतीने जोडलेली मोटर डेल्टा पद्धतीने जोडावी लागते. त्यासाठी टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी हव्यात. झाकण उघडलं तर तीनच. स्टारचा जोड वाइंडिंगच्या आत बांधून टाकलेला. वाइंडिंगवाल्या दादांनी मोटर उघडली, दोऱ्याने बांधलेला तो जोड हलक्या हाताने सोडवला, तीन नव्या वायरी बाहेर काढून वार्निश मारलं. दोन दिवस गेले. तुम्ही घेताना टर्मिनल बॉक्सचा फोटो आधी मागवा आणि सहा वायरी मोजा. व्हीएफडीमुळे घराचा ईएलसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) सुरुवातीला सारखा पडायचा. वायरमनने शेडसाठी वेगळी लाइन आणि व्हीएफडीला चालणारा वेगळा ईएलसीबी बसवला, अर्थिंग नवं केलं, तेव्हा थांबलं. ईएलसीबी काढून टाका असा सल्ला देणारेही भेटले. तो अजिबात ऐकू नका.

आता हेड सरळ करणं. मशीनचा खरा कस इथे लागतो, आणि आधी काय तपासायचं हा क्रम महत्त्वाचा आहे. मी आधी कॉलम तपासला. टेबलावर चांगला गुण्या उभा केला, स्पिंडलला लिव्हर डायल लावली आणि स्पिंडल न फिरवता हेड वर-खाली केलं. डावी-उजवीकडे काटा जवळपास स्थिर होता, पण पुढे-मागे २०० मिलिमीटरमध्ये पाच-सहा रेघा सरकत होता, म्हणजे ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर. कॉलम पुढे झुकलेला. मग डायल शंभर मिलिमीटरच्या आडव्या दांड्यावर लावून स्पिंडल हाताने फिरवला. समोर आल्यावर डायल तेवढीच जास्त दाबली गेली. म्हणजे हेड कॉलमशी बरोबर होतं, चूक कॉलमच्या बुडाशी होती. पुढच्या दोन बोल्टखाली ०.०५ ची पितळी शिम (पातळ पत्रा) घातली, बोल्ट आलटून पालटून आवळले. पुन्हा फिरवलं तर एक रेघ. डावी-उजवीकडे हेडच बारा रेघा कललेलं होतं. त्याचे बोल्ट अर्धे सैल करून नायलॉनच्या हातोडीने टकटक करत ते दोन रेघांवर आणलं. आवळताना काटा परत सरकतो, म्हणून जिथे थांबायचं त्याच्या दोन रेघा अलीकडे सोडून आवळावं लागतं. या एकाच कामाला संध्याकाळचे चार तास गेले. पण नंतर फेस कटरचा पास मारला तेव्हा बिडाच्या पृष्ठभागावर कटरच्या जाण्याच्या आणि येण्याच्या, दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींना छेदत गेलेल्या दिसल्या. बोटाला पायरी लागली नाही. त्या दिवशी मशीन माझं झालं असं वाटलं.

व्हाइस १२५ मिलिमीटरचा घेतला. दीडशेचा या टेबलाला जड होतो आणि मागे कॉलमला नडतो. व्हाइस आवळला की जॉब (कापायचा तुकडा) पुढच्या जबड्याकडून किंचित उचलला जातो. हलत्या जबड्यात आणि जॉबमध्ये एक गोल सळी ठेवली की जॉब मागच्या जबड्याला सपाट टेकतो, मग खालचे पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) बोटाने हलतात का ते बघायचं. हलले तर जॉब बसलेला नाही.

बॅकलॅश, म्हणजे टेबलाच्या स्क्रू-नटमधली ढिलाई, एक्समध्ये (डावी-उजवीकडे) पाव मिलिमीटर होता. नट आवळून तो ०.१० वर आणला, त्याहून आवळलं तर टेबलाच्या टोकांना जाम होतं. याचा धडा तिसऱ्या महिन्यात मिळाला. १२ मिलिमीटरच्या एंडमिलने (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरने) क्लाइंब कट, म्हणजे कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवून, घेत होतो, कट फक्त एक मिलिमीटरचा. कटरने टेबल बॅकलॅशएवढं स्वतःकडे ओढलं, एक दाता जास्त खोल घुसला आणि कटर मुळापासून तुटला. तेव्हापासून रफ कट नेहमी उलट दिशेने, म्हणजे कन्व्हेन्शनल, आणि क्लाइंब फक्त शेवटच्या दहा-पंधरा शतांशाला, तेही टेबलाचा लॉक थोडा आवळून.

बिडाच्या कास्टिंगबद्दलही सांगतो. वरचा पापुद्रा कडक असतो, त्यात वाळू अडकलेली असते. घाबरत घाबरत पाव मिलिमीटर घेतलं तर कटरचे दाते त्या पापुद्र्यातच घासून मरतात. पहिला कट दीड मिलिमीटर, थेट पापुद्र्याच्या खालून. पाणी-तेल नको, बीड कोरडंच कापावं. १२ मिलिमीटरच्या एचएसएस (हायस्पीड स्टील) कटरला मी पाचशेच्या आसपास आरपीएम ठेवतो. काळी भुकटी मात्र फार उडते, म्हणून मास्क लावा आणि दर वेळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. ती तेलात मिसळून गिबमध्ये गेली तर लॅपिंग पेस्टसारखं (घासून झिजवणाऱ्या मलमासारखं) काम करते.

चौथ्या महिन्यात डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिजिटल पडदा) लावला, पाच मायक्रॉनच्या काचेच्या स्केलचा. एक्सचं स्केल टेबलामागे बसल्याने वायचा (पुढे-मागे) प्रवास सुमारे पंचवीस मिलिमीटरने कमी झाला, पण मोजणीतला बॅकलॅश डोक्यातून गेला. बजेट अपुरं असेल तर छोटं मशीन घेण्यापेक्षा डीआरओ नंतर घ्या. आणि एक हिशोब आधीच मांडा. व्हाइस, कॉलेट, पॅरलल, क्लॅम्प किट, डायल, कटर आणि डीआरओ मिळून मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम पुढच्या आठ महिन्यांत गेली.

तक्रारी आहेतच. वरच्या दोन स्पीडला गिअरचा आवाज बंद शेडमध्ये डोकं उठवतो, रात्री आठनंतर मी ते वापरत नाही. पॉवर फीड (मोटरने टेबल सरकवणं) नसल्याने लांब फेस मारताना मनगट भरून येतं आणि हात थांबला तिथे खूण उमटते. क्विल (स्पिंडल खाली आणणारी सरकती नळी) पूर्ण बाहेर काढल्यावर त्यात दोन-तीन रेघांची हालचाल आहे, म्हणून मी ती आत ठेवून, लॉक करून हेडच खाली घेतो. जुलैत गंज आला. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली मशीनला घाम सुटतो हे तेव्हा कळलं. आता जाड सुती चादर, टेबलावर तेलाचा थर आणि खाली एक साठ वॅटचा बल्ब पेटता ठेवतो. ऑगस्टपासून डाग नाही.

इंजिनच्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरचा ब्रॅकेट झाला. कास्टिंग उद्यमनगरातून ओतून घेतलं, बूड मारलं, १६ मिलिमीटरची दोन भोकं एकाच सेटिंगमध्ये ड्रिल करून, बोअर करून, रीमर फिरवला. पिन स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरली. पुढच्या आठवड्यात गावी जाऊन तो इंजिनवर बसवायचा आहे. गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) लिंकेजचे दोन तुकडे तेवढे अजून व्हाइसमध्ये आहेत.