आफ्रिकेतून आलात? रक्त दुपारी द्या की रात्री?

गॅबन, कॅमेरून किंवा काँगोत कामाला राहून कोणी गोव्यात परततो. मनगटाजवळ सूज येते, चार दिवसांत आपोआप उतरते, मग दुसरीकडे उठते. अंगाला खाज, सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी भरपूर वाढलेल्या. आपल्याकडे लगेच संशय हत्तीरोगाच्या जंतावर जातो. पण त्या जंगलांत लोआ लोआ नावाचा जंत आहे. तो माशीच्या चाव्यातून अंगात शिरतो आणि कातडीखाली फिरत राहतो. इथे तो होत नाही, त्यामुळे चटकन कुणाला आठवतही नाही.

हत्तीरोगासाठी रात्री दहा ते दोनच्या दरम्यान रक्त घेतात, कारण त्याच्या अळ्या तेव्हाच रक्तात येतात. लोआचं उलट. त्याची माशी दिवसा चावते, अळ्याही दिवसाच वर येतात. म्हणून रक्त सकाळी दहा ते दुपारी दोनच्या आत द्यायचं. रात्रीची स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून लोआ नाही, असं अजिबात समजू नका. दुपारच्या स्लाइडवर अनुभवी टेक्निशियन अळीची शेपटी बघतो: लोआत पेशींच्या केंद्रकांची (ठिपक्यांसारखी दिसणारी) रांग टोकापर्यंत जाते, इथल्या हत्तीरोगाच्या अळीत टोक रिकामं असतं.

स्ट्रिप टेस्ट झटपट होते, वेळेचं बंधन नाही. पण ती हत्तीरोगासाठी बनलेली आहे, आणि लोआच्या अळ्या खूप असतील तर तीही पॉझिटिव्ह येऊ शकते. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. त्या रिपोर्टवर कोणी डीईसी (हत्तीरोगाचं औषध) सुरू केलं आणि रक्तात अळ्या भरमसाट असल्या, तर मेंदूला सूज येऊन रुग्ण कोमात जाऊ शकतो. आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या दुसऱ्या औषधाचाही तोच धोका. म्हणून गोळीआधी दुपारच्या रक्तात एका मिलिलीटरला किती अळ्या आहेत, हे मोजून घ्याच.

अँटिबॉडी टेस्ट थोडे महिने राहून आलेल्यांना उपयोगी, कारण त्यांच्या रक्तात अळ्या बऱ्याचदा सापडतच नाहीत. मात्र जंत नेमका कोणता, हे ती खात्रीने सांगत नाही.

डोळ्याच्या पांढऱ्या भागात काही सरकताना दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जंत काढता आला तर निदान तिथेच होतं. अळ्यांची मोजणी तरीही हवीच.

माझं मत स्पष्ट आहे: आधी दुपारचं रक्त, मोजणीसकट. रात्रीचं जोडीला. आणि केसपेपरवर देश, गाव, जंगलातलं काम, वर्षं सगळं लिहवून घ्या. हा जंत अंगात दहा वर्षांहून जास्त जगू शकतो, तेव्हा जुना मुक्कामही सांगायचा.